सेनापती तिसऱ्या भागात बोलतो

९ जून

प्रिय वहिनी,
सप्रेम नमस्कार.

पत्र्याची तलवार लाकडी फळ्यांवर पडली की खण्ण असा आवाज येत नाही. भद्द असा येतो, रिकामं ताट हातातून निसटावं तसा. काल दुपारी पडल्या पडल्या तो आवाज अगदी कानाशी आला आणि मी दचकून उठलो. क्षणभर वाटलं, तिसरा अंक चालू आहे, सरकारांनी राज्यावर पाणी सोडून तलवार टाकली आहे, आता ते प्रेक्षकांकडे पाठ करून उभे राहणार आणि मला विंगेतून हळूच पुढची ओळ द्यायची आहे. ओठांवर ओळ आलीसुद्धा! मग पाहिलं तर खोलीत मी, पंखा, आणि छातीवरून घसरून खाली पडलेलं तुमचं पुस्तक.

हो, तुमची कादंबरी इथेच राहिली. मे महिन्यात तुम्ही दोन दिवस राहून गेलात, आणि पाहुण्यांच्या खोलीतली चादर काढायला या आळशी माणसाला एवढा वेळ लागला. उशीखाली हा ठोकळा. वर बजावलेलं, 'भाग पहिला'. मुखपृष्ठावर घोड्यावर बसलेली राणी, मागे पेटलेला किल्ला. वहिनी, घोडा चौखूर उधळलाय आणि बाईसाहेबांच्या कपाळावरची बट जागची हललेली नाही! आम्ही शाळेतल्या कवितांवर वाढलेली माणसं. आमच्या कवितेत एखादी नदी, एखादी चिमणी, फार तर झाडाखाली बसलेला दमलेला वाटसरू.

तरी वाचली. थट्टा करायची म्हणूनच वाचली. राणी ठीक आहे. पण तो सेनापती? हरलेल्या लढाईतून एकटा वाचून किल्ल्यावर आश्रयाला आलाय, हे समजलं. गालावर वण आहे, तेही समजलं. पण म्हणून शंभर पानं नुसतं खिडकीत उभं राहायचं? राणी विचारते, "जेवलात का?" तर हा अंधाराकडे बघतो. तेवढ्या वेळात माणूस 'हो' किंवा 'नाही' म्हणून मोकळा होतो.

मग माझ्या लक्षात आलं. तो वण, तो खिडकीतला पवित्रा, ती टाकलेली तलवार, हे सगळे आमचे सरकारच की! त्यांना जाऊन पाच वर्षं झाली, तरी नाटक कंपनीतली आम्ही उरलेली माणसं तुमच्या यजमानांना अजून सरकारच म्हणतो. तुम्ही ही पुस्तकं का वाचता ते विचारायचं कारण उरलं नाही. थट्टेबद्दल माफ करा.

पुस्तक टपालाने पाठवतो. म्हणजे, वाचून झालं की.

आपला,
विंगेतला भावजी


२१ जून

भावजी,

बट हलत नाही, खरं आहे. पण तुमच्या नाटकात मेलेला राजा पडदा पडायच्या आत नाक खाजवायचा, ते मी पहिल्या रांगेतून पाहिलेलं आहे. तेव्हा तुम्ही तरी बोलू नका.

तुम्ही सेनापतीकडेच बघत बसलात. पुरुषांचं असंच, पुस्तकातसुद्धा आधी पुरुष शोधतात. जरा राणीकडे बघा. नवरा गेलाय. दिराचा निरोप आलाय, 'राजधानीत ये, तुझी नीट व्यवस्था लावतो.' नीट व्यवस्था! जशी काही फडताळातली भांडी. आणि ती काय करते? बुरुजाची ढासळलेली भिंत बांधायला घेते. कुणाला विचारत नाही. गवंड्याशी वाद घालते, चुकते, भिंत पुन्हा पडते, पुन्हा बांधते. ते पान मी तीनदा वाचलं.

आता इकडची बातमी. मुलगा आणि सूनबाई मागे लागलेत की एकटीने राहणं पुरे झालं, कायमची आमच्याकडे या. ऑक्टोबरात हे भाड्याचं घर सोडायचं. सूनबाईची आणि तुमची भेट झालेली नाही. ती रुग्णालयात भूल देणारी डॉक्टर आहे. "दहापासून उलटे आकडे म्हणा" म्हणते, आणि साताच्या आत माणूस गप्प. घरातही साधारण तसंच आहे. पण गुणाची पोर. माझ्यासाठी खोली रंगवून तयार ठेवलीय, आणि रंग मला विचारून.

तुम्हाला काय वाटतं? जावं का मी?

दुसरा भाग मला वाचनालयात मिळाला. तिसरा त्यांच्याकडे नाहीच. तुमच्याकडे जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत, बघाल का? मात्र शेवट मला सांगायचा नाही.

वहिनी


२ जुलै

प्रिय वहिनी,

'जावं का' हे काय विचारणं झालं? अवश्य जावं. पोटचा मुलगा बोलावतोय, सून रंग विचारून भिंती रंगवतेय, असं भाग्य किती जणांना मिळतं? आम्हाला मूलबाळ नाही, म्हणून मला ते जास्त दिसतं. तुम्हालाही मनातून तेच हवं असणार, फक्त राहतं घर सोडताना पाय निघत नसेल. सरकारांचे फोटो नीट कागदात गुंडाळून न्या, म्हणजे तिकडेही परकं वाटणार नाही. झालं तर मग.

आता कादंबरी. दुसरा भाग मीही मिळवला. (हसू नका.) आमच्या कोपऱ्यावर इस्त्रीचं दुकान आहे, तिथल्या बाकावर बसून वाचतो, उजेड चांगला असतो. इस्त्रीवाल्या बाईंनी दोन दिवस पाहिलं, मग म्हणाल्या, "काका, एकटेच हसताय, जरा मोठ्याने तरी वाचा." तेव्हापासून रोजचं वाचन सुरू झालंय. गिऱ्हाइकं कपडे मिळाले तरी रेंगाळतात. काल सेनापती पुन्हा खिडकीत जाऊन उभा राहिला, तर बाई म्हणाल्या,

"आता काय झालं याला? बोलत का नाही?"

"फार दुःख आहे हो त्याला."

"दुःख आम्हालाही आहे. आम्ही इस्त्री करतोय ना?"

राणी मात्र त्यांना पसंत आहे. भिंत पडली तेव्हा कुणाचा तरी शर्ट जळता जळता वाचला.

मला एकच कोडं आहे. ही राणी त्याला एकदाही 'बोला' म्हणत नाही. तो अर्धं वाक्य टाकून गप्प होतो, आणि हीही गप्प. मी तिथे असतो तर पहिल्याच पानावर ओळ दिली असती.

मी आपला आहे तसा आहे. मे महिन्यात जाताना तुम्ही माझं भिंतीवरचं घड्याळ पुढे करून गेलात, 'तुम्ही नेहमी उशिरा पोचता' म्हणून. ते मी मागे केलेलं नाही. आता सगळीकडे लवकर पोचतो आणि उभा राहतो.

तिसरा भाग शोधतो आहे.

आपला,
विंगेतला


२० जुलै

भावजी,

सल्ला मिळाला. आभारी आहे.

हे पत्र रागाचं समजू नका. राग असता तर पोस्टकार्डावर भागवलं असतं.

तुमचं ते वाक्य मी दोनदा वाचलं, 'पहिल्याच पानावर ओळ दिली असती.' द्यालच. दिलीतच.

मे महिन्यात मी निघाले ती सकाळ आठवते? तुमच्या दारात उभी होते. चप्पल पायात घालून झाली होती. मी म्हणाले, "भावजी, मला असं वाटतं की..." आणि थांबले. माणूस थांबतो हो. वाक्य मोठं असलं की दम घ्यावा लागतो. आणि तुम्ही, अगदी विंगेतून द्यावी तशी, हळूच ओळ दिलीत, "...की निघायला हवं, गाडी चुकेल." आणि माझी बॅग उचललीत. मी तरी काय, जन्मभर नटाची बायको. मिळालेली ओळ उचलली आणि जिना उतरले. गाडी सुटेपर्यंत मला कळलंच नाही की ते माझं वाक्य नव्हतं.

आताही मी विचारलं, जावं का. तर मला मनातून काय हवं असणार, तेसुद्धा तुम्हीच सांगून टाकलंत.

आणि सरकार. तुम्हाला वाटतं मी त्यांना पुस्तकात शोधते. भावजी, चांगला माणूस होता. कधी आवाज चढवला नाही, मुलाला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालायचे. पण घरी आले की मिशी काढून डबीत ठेवायचे, आणि तिच्याबरोबर बोलणंही. त्यांना कसलं दुःख होतं ते मला आजही ठाऊक नाही. जे काही ऐकलं ते आठशे लोकांबरोबर, खुर्चीत बसून, आणि तेही तुम्ही पुरवलेल्या ओळींत. तेव्हा वणाचं कौतुक मला सांगू नका. वण मी पुष्कळ पाहिले. तेल लावलं की निघतात.

मी ही पुस्तकं का वाचते, सांगू? तो सेनापती बोलणार असतो. कधीतरी, पण बोलणार असतो. आणि बोलेल तेव्हा एकटीशी बोलेल, थिएटरभर लोकांशी नाही. तोवर ती काही वाटेकडे डोळे लावून बसलेली नसते, तिची भिंत चालू असते. तिला कुणी येऊन वाचवायला नको असतं. तिला फक्त कुणीतरी आपल्याशी खरं बोलायला हवं असतं. एवढ्यासाठी हजार पानं वाचायची आम्हा बायकांची तयारी असते. तुमच्या कविता चार कडव्यांत आटपतात, तुम्हाला काय कळणार.

माझं वाक्य काय होतं ते आता विचारू नका. ऑक्टोबरात जाते आहे.

वहिनी


६ ऑगस्ट

वहिनी,

तिसरा भाग मिळाला. हा मी इस्त्रीच्या दुकानात नेला नाही, घरीच दार लावून वाचला.

सेनापती बोलतो. काय बोलतो ते सांगत नाही, तुम्ही बजावलं आहे. पण ते बोलणं इतकं सुंदर आहे की तुमच्यासाठी मी ते चांगल्या अक्षरात उतरवून काढलं. खाली सही करणार, तोच हात थांबला. हे पुन्हा दुसऱ्याचंच वाक्य! कागद फाडला. दुसऱ्या दिवशी शाळेतली एक कविता आठवली, ती लिहायला घेतली. तीही दुसऱ्याचीच. सत्तरी उलटली, हजारो ओळी तोंडपाठ, आणि स्वतःची म्हणावी अशी एक नाही.

या रोगाचं मूळ वर्गात आहे. मास्तर टेबलावर डस्टर आपटून ताल धरायचे आणि एकेकाला उभं करून कविता म्हणायला लावायचे. पुढच्या बाकावरचा अडखळला की मला बघवायचं नाही. मी ओठ न हलवता ओळ सोडायचो. तो वाचायचा, मला पुण्य. त्या पुण्यावर पुढे जन्मभर पोट भरलं. थांबलेला माणूस म्हणजे अडलेला माणूस, असंच मी धरून चाललो. तो नुसता दम घेत असेल, हे तुमच्या पत्रात पहिल्यांदा वाचलं.

तर आता माझी ओळ. कच्ची आहे, सांभाळून घ्या.

मला वण नाही. मोठं दुःख म्हणाल तर बायको गेली ते. पण ती तुमची मैत्रीण, तुम्ही तिला ओळखता. तिने जाताना तेसुद्धा इतकी नीट घडी घालून ठेवलं की माझ्याने त्याचा देखावा मांडवत नाही. गुडघा दुखतो, तो धरायचा तर धरा. खिडकीत मीही उभा राहतो, पण भाजीवाला आला का ते बघायला. असा हा सेनापती.

तुम्ही मुलाकडे जाऊ नये असं मला वाटतं. तुम्ही इथे यावं. पाहुण्या म्हणून नाही. राहायला, कायमच्या. चार लोकांसमोर रीतसर लग्न करायचं तर रीतसर करू, मला त्यात आनंदच आहे. तुम्ही आलात की माझं एकट्याने पुटपुटणं थांबतं. तुम्ही गेलात की घर माझ्याकडे पाठ करून बसतं. हे मला मे महिन्यात, बॅग उचलतानाही ठाऊक होतं. ती बॅग इतकी हलकी नसती तर बरं झालं असतं, असंही वाटून गेलं होतं.

बस. उत्तर काय द्यावं ते सुचवत नाही. सुचलेल्या ओळी गिळून टाकल्या आहेत, पचायला जड जाताहेत.

तिसरा भाग सोबत पाठवतो.


३० ऑगस्ट

'भावजी' लिहायला पेन टेकवलं आणि थांबले, म्हणून वर काही लिहिलेलं नाही.

पत्र मिळालं. ओळ कच्ची आहे, पण बरी आहे. भाजीवाला तर फारच आवडला.

उत्तर लगेच देत नाही. टांगून ठेवायचं म्हणून नाही. मुलाला आणि सुनेला तोंडावर सांगितल्याशिवाय तुम्हाला काही सांगणं मला बरं वाटत नाही. राणीला सोपं होतं हो, तिचा दीर दुष्ट होता. माझी माणसं चांगली आहेत, हीच तर पंचाईत. सूनबाईने माझ्यासाठी न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घेतलीय, आणि मिस्त्री गेल्यावर स्वतः तिला लोंबकळून पाहिलंय. अशा मुलीला कुठल्या तोंडाने सांगू की, बाई गं, सासूचा बेत वेगळा आहे? तिला वाटेल, आपलंच काहीतरी कमी पडलं. मला तिची भीती नाही वाटत. तिचं मन मोडायची वाटते.

पुढच्या आठवड्यात तिकडे जाते आहे. तोंड उघडेन असं आज तरी म्हणते. कदाचित उघडणार नाही, आणि त्या रंगवलेल्या खोलीत राहूनच जाईन. तसं झालं तर तेही मीच लिहीन. तोवर पत्र आलं नाही तर मधली ओळ भरू नका.

तिसरा भाग अजून उघडलेला नाही.


४ ऑक्टोबर

प्रिय,
पुढची जागा मीही कोरी ठेवतो.

महिना होऊन गेला. तुमचं पत्र नाही. मी ओळ भरलेली नाही, पण सोपं नाही हो. टपाल येऊन गेलं की मनात तुमची पत्रं तयार व्हायला लागतात, तुमच्याच अक्षरात, आणि बहुतेक नकाराची. इस्त्रीवाल्या बाई रोज विचारतात, "काका, पुढे काय झालं?" मी म्हटलं, "तिसरा भाग बाहेर गेलाय."

"कुणाकडे?"

"राणीकडेच."

त्यांनी इस्त्री बाजूला उभी केली. मग माझ्या अंगातल्या शर्टाची कॉलर चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाल्या, "मग हे असले शर्ट घालून हिंडू नका. सगळे इकडे आणा."

मी आज लिहितो आहे ते उत्तर मागायला नाही. एवढंच सांगायला की माझी ओळ आहे तिथे आहे. तुम्ही त्या खोलीत सुखाने राहिलात तर मला वाईट वाटेल, आणि बरंही वाटेल, आणि दोन्ही खरं असेल. पण सुनेचं मन मोडून येऊ नका. तुम्ही इथे बसाल आणि जीव तिथे अडकून राहील, आणि मग आपण दोघं मिळून

दारावर कुणीतरी आहे. थांबा.

पुन्हा लिहायला बसलो. घाईत लिहितो आहे, अक्षर लावून घ्या. आत नळ चालू आहे, पाहुण्या प्रवासाचा शीण म्हणून तोंड धुताहेत. तेवढ्यात लिहून टाकतो, नाहीतर मागाहून मलाच खरं वाटणार नाही.

दार उघडलं तर एक अनोळखी बाई. चाळिशीच्या आतबाहेर, खांद्याला प्रवासाची बॅग. कोण हवंय ते मी विचारायच्या आधीच त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत असं पाहिलं, की नाडी धरतात की काय असं वाटलं.

"गुडघा कुठला?"

"उजवा," मी घाबरून खरं सांगून टाकलं.

"मी त्यांची सून."

म्हटलं, झालं, आता जाब विचारणार. या वयात ही थेरं! मी दाराची कडी धरून उभा. त्यांनी बॅग खाली ठेवली आणि म्हणाल्या, "महिनाभर आई एक अक्षर बोलल्या नाहीत. खिडकीशी बसून राहायच्या. मला वाटलं, काहीतरी दुखणं आहे, म्हणून झाडून सगळ्या तपासण्या केल्या. सगळं ठणठणीत! शेवटी परवा मी रजा टाकली आणि त्यांच्यासमोर खुर्ची घेऊन बसले. म्हटलं, मला आज कुठे जायचं नाही. सकाळ गेली, दुपार गेली. चहा झाला. मग बोलल्या." जरा थांबल्या. मीही थांबलो. "आधी त्या रडल्या, मग मी. मग मी त्यांच्यावर ओरडले, की हे सांगायला महिना लागतो? माझं मन काय काचेचं आहे? तुमच्या मुलाला रात्री जेवताना सांगितलं. त्याने विचारलं काय, तर आई तिकडे गेली तर तिचा चष्मा शोधायला रोज कोण असेल!"

मी म्हणालो, "मी शोधीन."

"ते बघूच," त्या म्हणाल्या. "आई म्हणताहेत, मला पसंत आहे. पण त्या पडल्या कादंबऱ्या वाचणाऱ्या, त्यांच्या म्हणण्यावर मी कशी जाऊ? म्हटलं, आपण स्वतः जाऊन पाहून यावं."

मग त्यांनी केस सारखे केले, उंबऱ्याशी सरळ उभ्या राहिल्या आणि अगदी गंभीर चेहऱ्याने मला विचारलं, "मी मुलीकडून आले आहे. मुलाकडचं कुणी मोठं माणूस घरात आहे, की थेट मुलाशीच बोलू?"